वाचक विचारतात : दोन नंबरच्या उमेदवाराने किती मते हलतात?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलैला जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले, कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांचे. या निवडींवर लोकांचे मत काय, हे सांगणाऱ्या चाचण्यांचा तेव्हा पाऊस पडला आणि त्यावरचे प्रश्न आमच्याकडे अजून येत आहेत. त्यातले काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : जोडीदार जाहीर झाला की दोन दिवसांत ‘उमेदवाराची मुसंडी, आघाडी चार टक्क्यांनी वाढली’ अशी बातमी ठरलेली. एवढी माणसे खरंच हलतात की ही पेपरवाल्यांची हौस? (एक वाचक, पुणे)

बहुतेक वेळा हौसच. आकडा खोटा नसतो, त्याचा अर्थ फुगवलेला असतो.

पहिल्यांदा चूक किती असू शकते ते काढा. हिशेब तोंडी होतो. जितक्या लोकांना विचारले त्या संख्येचे वर्गमूळ घ्या आणि ९८ ला त्याने भागा. हजार जणांना विचारले असेल तर वर्गमूळ ३१.६ आणि उत्तर ३.१. म्हणजे एखाद्याला ४६ टक्के दाखवले असतील तर खरा आकडा ४३ ते ४९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात ती चूकमर्यादा हीच.

पण ती एका उमेदवाराच्या टक्केवारीची झाली. बातमी असते आघाडीची. एकाचे वाढले की सहसा दुसऱ्याचे घटते, त्यामुळे आघाडीतली चूक जवळपास दुप्पट, म्हणजे सहाच्या आसपास जाते. आणि ‘वाढली’ म्हणायचे तर दोन चाचण्यांची तुलना करावी लागते. दोघींच्या चुका एकत्र आल्या की ती आणखी १.४ पटीने वाढते. साधारण साडेआठ. तेव्हा हजार-हजार जणांच्या दोन चाचण्यांत आघाडी १ वरून ५ वर गेली, तर कोणी तसूभरही हललेले नसताना निव्वळ योगायोगानेही तसे दिसू शकते. त्यात चाचणी घेणारे वय, शिक्षण, वंश यांप्रमाणे उत्तरांना कमी-जास्त भार देतात. तो द्यावाच लागतो, नाहीतर फोन उचलणारे लोक म्हणजेच देश असे होऊन बसते. पण त्याने खरी चूक सूत्रापेक्षा थोडी मोठीच होते.

गणित सुटले तरी तारखांची अडचण राहते. १३ जुलै २०२४ ला पेन्सिल्व्हेनियात बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. १५ तारखेला मिलवॉकीत रिपब्लिकन अधिवेशन सुरू झाले आणि त्याच दिवशी व्हान्स यांचे नाव आले. १८ ला ट्रम्प यांचे स्वीकृतीचे भाषण, २१ ला बायडन यांची निवडणुकीतून माघार. मधल्या दिवसांत घेतलेल्या चाचणीतून व्हान्स यांचा वाटा वेगळा काढणे म्हणजे चहात विरघळलेली साखर चमच्याने परत काढणे. पक्षाच्या अधिवेशनाने आकडे तात्पुरते वर जातात, हे अनेकदा दिसले आहे. जोडीदाराची घोषणा मुद्दाम त्याच सुमारास करतात आणि श्रेय त्याच्या पदरात पडते.

म्हणून बातमी वाचताना आधी चाचणी कोणत्या तारखांना घेतली ते बघा, छापून कधी आली ते नव्हे. तुलना एकाच संस्थेच्या आधीच्या चाचणीशी आहे ना? एकीने नोंदणीकृत मतदार आणि दुसरीने ‘मतदान करण्याची शक्यता असलेले’ मतदार घेतले असतील तर ती तुलनाच बाद. आणि अधिवेशन संपून दोन आठवडे होईपर्यंत कोणत्याही ‘मुसंडी’वर विश्वास ठेवू नका. तोवर ती टिकली तर बोलू.

प्रश्न : मी अलीकडेच अमेरिकन नागरिक झाले. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा, असे मत देता येते का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

नाही. मतपत्रिकेवर दोन्ही नावे एकाच चौकटीत असतात, खूण एकच. पूर्वी उलटे होते. मूळ राज्यघटनेत प्रत्येक निर्वाचकाला, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेल्या प्रतिनिधीला, दोन मते होती. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. १८०० मध्ये तर जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार एरन बर यांना सारखीच, ७३-७३ मते पडली आणि ही बरोबरी सोडवायला प्रतिनिधीगृहाला (संसदेच्या खालच्या सभागृहाला) ३६ वेळा मतदान घ्यावे लागले. मग १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांची मते वेगळी मोजू लागले. आजही डिसेंबरात निर्वाचक दोन वेगळी मते देतात. सामान्य मतदाराला मात्र जोडी अख्खी घ्यावी लागते.

आपल्याकडे उपराष्ट्रपतीला संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य स्वतंत्रपणे निवडतात, म्हणून ‘जोडीदार’ ही कल्पना मराठी वाचकाला थोडी परकी वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले ते याच रीतीने.

प्रश्न : हॅरिस यांनी वॉल्झ यांच्याऐवजी पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शपिरो यांना घेतले असते तर निकाल बदलला असता, असे अनेकांनी लिहिले. यात किती तथ्य? (एक वाचक, नाशिक)

आधी बेरीज करू. जवळपास सगळ्या राज्यांत जो जिंकतो त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. हॅरिस यांना २२६ निर्वाचक मते मिळाली. पेन्सिल्व्हेनियाची १९. दोन्ही मिळून २४५. जिंकायला २७० लागतात. म्हणजे शपिरो यांनी आपले राज्य ताटात वाढून दिले असते तरी निकाल तोच राहिला असता. हा मुद्दा इथेच संपायला हवा, पण संपत नाही, कारण ‘गृहराज्य जिंकून देणारा जोडीदार’ ही समजूत फार जुनी आहे.

तिचा लाडका पुरावा १९६० चा. केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना घेतले आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. खरे आहे. पण केनेडी यांना एकूण ३०३ निर्वाचक मते होती आणि टेक्सासची २४. ती वजा केली तरी २७९ उरतात, आणि तेव्हा बहुमताला २६९ पुरेशी होती. जॉन्सन यांच्यामुळे दक्षिणेतली आणखी राज्ये राखली गेली असे म्हणता येईल. नुसत्या टेक्सासने केनेडी जिंकले असे नाही. नंतरची उदाहरणे तर उलटीच आहेत. १९८८ मध्ये टेक्सासचे लॉइड बेन्ट्सन जोडीला असून डुकाकिस टेक्सास हरले. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स घेऊन केरी तिथे हरले. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेऊन रॉमनी तिथे हरले. बेन्ट्सन यांच्या बाबतीत एक सूट द्यायला हवी. समोर थोरले बुश होते आणि तेही टेक्सासचेच.

आता वॉल्झ यांचे मिनेसोटा घ्या. इथे लोक हिशेबात कुठे घसरतात ते नीट दिसते. २०२० मध्ये बायडन तिथे ७.१ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ मध्ये हॅरिस ४.२ टक्क्यांनी. म्हणजे वॉल्झ असूनही आघाडी २.९ ने घटली. ‘वॉल्झ निरुपयोगी’ असा मथळा इथे तयार होतो. पण देशभरात डेमोक्रॅट ४.५ ने पुढे होते ते १.५ ने मागे पडले, म्हणजे घसरण ६ ची. त्या मानाने मिनेसोटाने तीन टक्के जास्त तग धरला. आता मथळा ‘वॉल्झ यांनी गड राखला’.

थांबा, शेजारची राज्येही बघा. मिशिगन २.८ च्या आघाडीवरून १.४ ने मागे, घसरण ४.२. आयोवात घसरण ५ च्या आसपास. विस्कॉन्सिनमध्ये ०.६ ची आघाडी जाऊन ०.९ ची पिछाडी, घसरण फक्त १.५. मिशिगन किंवा आयोवाशी तुलना केली तर वॉल्झ यांच्या खात्यात एक-दोन टक्के जमा. विस्कॉन्सिनशी केली तर उलट वजा. आणि विस्कॉन्सिन व मिशिगन ही काठावरची राज्ये, तिथे दोन्ही पक्षांनी पैसा आणि सभा ओतल्या. मिनेसोटात तेवढे कोणी फिरकले नाही. एकाच माणसाबद्दल चार उत्तरे निघतात, ती तुलनेला कोणते राज्य धरले त्यावर. आमच्या मते वॉल्झ यांचा परिणाम शून्य ते दोन टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असावा आणि मिनेसोटात त्याची गरज पडली नाही. पेन्सिल्व्हेनिया ट्रम्प यांनी १.७ टक्क्यांनी घेतले, म्हणून शपिरो यांचे नाव निघत राहते.

प्रश्न : ‘उषा व्हान्स यांच्यामुळे भारतीय वंशाचे मतदार ट्रम्प यांच्याकडे वळले’ असे आकड्यांसह वाचले. आकडे खरे मानावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उषा या जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी. तो आकडा किती लोकांवरून काढला, ते शोधा. अमेरिकेच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे दीड टक्क्याच्या आसपास. हजार जणांच्या सर्वसाधारण चाचणीत ते पंधरा येतात. वरचे सूत्र लावा : १५ चे वर्गमूळ ३.९, ९८ भागिले ३.९ म्हणजे सुमारे २५. पंधरापैकी सहा जण ट्रम्प म्हणाले म्हणून ४० टक्के छापले, तर खरा आकडा १५ पासून ६५ पर्यंत काहीही असू शकतो. लग्नाच्या एका पंगतीवरून गावाचे मत ठरवण्यासारखे हे आहे.

या समाजाची स्वतंत्र पाहणी कार्नेगी एन्डाउमेंट ही संशोधन संस्था करते. २०२० च्या पाहणीत नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडन यांच्या बाजूने आणि २२ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने होते. २०२४ मध्ये हॅरिस ६१, ट्रम्प ३२. नमुना शेकड्यांत असल्यामुळे हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. पण तो उषा चिलुकुरी व्हान्स यांच्या आंध्रातल्या मुळांमुळे, असे म्हणायला त्या आकड्यांत काहीच आधार नाही. त्याच काळात ट्रम्प यांच्याकडे इतर अनेक समाजांतले मतदारही सरकले. आणि समोर तर खुद्द उमेदवाराचीच आई तमिळ होती! नात्याने मते खेचायची असती तर ती तिकडे जायला हवी होती.

प्रश्न : सेरा पेलिन यांनी जॉन मॅकेन यांना बुडवले, असे सरसकट म्हणतात. चांगला जोडीदार मते आणत नाही म्हणता, मग वाईट जोडीदार घालवतो का? (एक वाचक, नागपूर)

घालवू शकतो, पण वाट वेगळी आहे. लोक उपाध्यक्षाला नापसंत करून मत बदलतात असे फारसे दिसत नाही. त्या निवडीवरून ते वरच्या माणसाची पारख करतात.

रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर पेलिन यांचे नाव २९ ऑगस्ट २००८ ला ओहायोतल्या डेटन येथे जाहीर केले. त्या दिवशी ते स्वतः ७२ वर्षांचे झाले. आपल्या वयावर बोट ठेवले जात असताना कमी अनुभवाची गव्हर्नर जोडीला घ्यायची आणि तेही वाढदिवशी! घोषणेने पक्षाचे कार्यकर्ते मात्र उसळले. अधिवेशनानंतर सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅकेन काही दिवस ओबामा यांच्या पुढेही होते. मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळे जाहीर केले, महिनाअखेरीस टीव्ही पत्रकार केटी कूरिक यांनी घेतलेल्या पेलिन यांच्या मुलाखती गाजल्या आणि त्यांच्याबद्दलचे मत घसरत गेले. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर विचारले तेव्हा ६० टक्के मतदारांनी सांगितले, वेळ आली तर पेलिन अध्यक्षपद सांभाळायला पात्र नाहीत. ओबामा यांचे जोडीदार बायडन यांना ६६ टक्क्यांनी पात्र ठरवले होते.

साठ टक्के म्हणजे साठ टक्के मते गेली असे नव्हे. त्यातले बहुतेक ओबामा यांनाच मत देणारे होते आणि पेलिन नसत्या तरी दिलेच असते. अभ्यासकांतही एकमत नाही. कोणी दोनेक टक्क्यांचा फटका मोजतो, कोणी जवळपास शून्य. ओबामा जिंकले सात टक्क्यांहून अधिक फरकाने. दोन टक्के परत दिले तरी मॅकेन हरतातच.

याहून बोलके उदाहरण १९७२ चे. निक्सन यांच्याविरुद्धचे डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मिसुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना निवडले. त्यांना पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात ठेवले होते आणि विजेचे झटके दिले होते, हे नंतर बाहेर आले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या पाहणीत ७७ टक्के लोक म्हणाले की याने आमचे मत बदलणार नाही. मॅकगव्हर्न यांनीही आपण ईगलटन यांच्या मागे ‘हजार टक्के’ उभे आहोत असे सांगितले आणि थोड्याच दिवसांत त्यांना दूर केले. अवघ्या अठरा दिवसांची उमेदवारी. मग सार्जंट श्रायव्हर आले. आजारपण लोकांनी पोटात घातले असते. हजार टक्क्यांचे शून्य झाले ते घातले नाही. मॅकगव्हर्न यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा, एवढेच आले. निक्सन त्या वर्षी कसेही जिंकले असते, हेही खरे.

तेव्हापासून जोडीदाराची झडती वकिलांच्या फौजेकडून घेतात : अनेक वर्षांची आयकर विवरणपत्रे, वैद्यकीय कागद, जुनी भाषणे, लांबलचक प्रश्नावली. तरीही काहीतरी निसटतेच. व्हान्स यांचे २०२१ मधले, मूलबाळ नसलेल्या ‘मांजरवाल्या बायकां’बद्दलचे उद्गार नावाची घोषणा झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत देशभर फिरले.

प्रश्न : राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी या विषयावर छोटी पाहणी करायची आहे. ‘या निवडीमुळे तुम्ही मत देण्याची शक्यता वाढली की घटली?’ हा प्रश्न ठीक आहे का? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

सगळे हाच विचारतात आणि हाच सर्वांत कमकुवत आहे. ‘घटली’ म्हणणाऱ्यांत मुळात त्या पक्षाला कधीच मत न देणारे भरलेले असतात. त्यांची शक्यता आधीच शून्य, घटणार कुठून? ‘वाढली’ म्हणणारे बहुतेक हक्काचे समर्थक. मोठा गट ‘काही फरक नाही’ म्हणतो, तो मथळ्यात येत नाही. शिवाय आपले मत कशामुळे ठरते हे माणसाला स्वतःला नेमके सांगता येत नाही.

त्यापेक्षा नमुन्याचे दोन भाग करा. कोण कोणत्या भागात जाईल ते चिठ्ठीने ठरवा, ओळखीने नको. पहिल्या भागाला फक्त अध्यक्षपदाच्या उमेदवारांची नावे देऊन विचारा, दुसऱ्याला पूर्ण जोड्या देऊन. बाकी शब्द तेच. दोन्हींतल्या टक्केवारीतला फरक म्हणजे जोडीदाराचा परिणाम, आणि ‘तुमच्यावर परिणाम झाला का’ हे विचारावेच लागत नाही. आवडनिवड विचारणार असाल तर ‘नाव ऐकलेले नाही’ हा पर्याय ठेवाच. वॉल्झ यांच्या निवडीच्या वेळी मॅरिस्ट या मतचाचणी संस्थेच्या पाहणीत ७१ टक्के लोकांना ते माहीत नव्हते किंवा त्यांच्याबद्दल मत नव्हते. हा पर्याय नसेल तर लोक संकोचाने काहीतरी ठोकून देतात आणि ते मत म्हणून मोजले जाते.

एक अडचण सांगून ठेवतो. दोन टक्क्यांचा परिणाम चूकमर्यादेबाहेर दिसायचा तर प्रत्येक भागात निदान ४,८०० माणसे लागतात, म्हणजे एकूण ९,६००. हा आकडा त्याच ९८ च्या सूत्रातून येतो, १.४ ने गुणून करून बघा. तुमच्या दोनशे जणांच्या पाहणीत चौदा टक्क्यांखालचा फरक दिसणारच नाही. प्रकल्पात ते लपवू नका. परीक्षकाला विषय येत असेल तर त्याच वाक्यावर गुण मिळतील.

प्रश्न : व्हान्स आणि वॉल्झ यांच्या वादविवादात कोण जिंकले? वाहिन्यांचे कौल वेगवेगळे होते. (एक वाचक, डोंबिवली)

१ ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये तो झाला. सीबीएसच्या झटपट चाचणीत व्हान्स ४२, वॉल्झ ४१, बरोबरी १७. सीएनएनच्या चाचणीत व्हान्स ५१, वॉल्झ ४९. हे वेगळे कौल नाहीत, एकच आहे : बरोबरी. या चाचण्या फक्त तो कार्यक्रम पाहणाऱ्यांच्या असतात, म्हणजे आधीच राजकारणात रमलेल्यांच्या. वाहिन्यांच्या संकेतस्थळांवर कोणीही बटण दाबू शकते असे जे कौल असतात, ते मोजूच नका. आणि वादविवादाचा विजय मतांत उतरतो असेही नाही. १९८८ मध्ये ‘तुम्ही जॅक केनेडी नव्हेत’ असे सुनावून बेन्ट्सन यांनी बुश यांचे जोडीदार डॅन क्वेल यांना गप्प केले. ते वाक्य लोक अजून सांगतात. उपाध्यक्ष क्वेल झाले.

प्रश्न : मतपत्रिका छापून झाल्यावर जोडीदार मरण पावला किंवा बाजूला झाला तर? (एक वाचक, सोलापूर)

पक्षाची राष्ट्रीय समिती नवे नाव ठरवते, पण मतपत्रिकेवर जुनेच राहू शकते. परदेशातल्या मतदारांना मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात, म्हणजे व्यवहारात सप्टेंबरच्या उत्तरार्धानंतर बदल जवळपास अशक्य. १९१२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांचे जोडीदार जेम्स शर्मन ३० ऑक्टोबरला, मतदानाला आठवडाही नसताना वारले. टाफ्ट यांना मिळालेली आठ निर्वाचक मते उपाध्यक्षपदासाठी मग निकोलस मरे बटलर यांना देण्यात आली.

प्रश्न : आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून खासदार आहेत. पुढे कोणी त्यांना उपाध्यक्षपदासाठी घेऊ शकेल का? (एक वाचक, बेळगाव)

नाही. बाराव्या घटनादुरुस्तीचे शेवटचे वाक्य सांगते की जो अध्यक्ष व्हायला अपात्र, तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही. आणि अध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. ठाणेदार यांचा जन्म चिकोडीचा. कमला हॅरिस यांचा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा, म्हणून त्यांचा मार्ग मोकळा होता. खासदार किंवा गव्हर्नर व्हायला ही अट नाही.